वलणीवरची काठी

माझ्या कामाबद्दल लिहून द्या म्हणून सांगायला आलेल्या बाईंनी मला विचारलं, "काकू, तुमचं लाकडावर प्रेम आहे ना?" मी नाही म्हटलं. लाकडावर प्रेम करत खरादावर बसलेला माणूस बोट गमावतो. लाकडाकडे लक्ष द्यावं लागतं, बस. बाई हसल्या, पण उत्तर त्यांना आवडलं नसावं. तरी लिहा म्हणाल्या, म्हणून लिहिते.

मी भिवंडीजवळच्या कोन गावची. गावच्या शाळेत चौथी झाले आणि शाळा संपली, कारण मला पुढे शिकवायचं घरात कुणाच्या मनात नव्हतं. लग्न होऊन भिवंडीत आले. सासऱ्यांचा खराद होता, म्हणजे लाकूड गरगर फिरवून पटाशीने कातायचं यंत्र. त्यावर आमच्याकडे लूमच्या लाकडी कांड्या व्हायच्या, आणि शेजारच्या बाकावर धोटे दुरुस्त व्हायचे. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी ठोकळा. पोटात सुताची कांडी घेऊन तो लूमवर इकडून तिकडे धावतो, तेव्हा कापड विणलं जातं. त्याला फटका मारून पळवायला एक काठी असते, तीही आम्हीच करायचो. फटके खाणारं आणि फटके मारणारं, दोन्ही लाकूड आमच्याच दुकानातलं.

नवऱ्याच्या हाताला कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, नसांचं आहे, बरं होणार नाही. थरथरत्या हाताने पटाशी धरता येत नाही, म्हणून मी बसले. नवरा स्टुलावर बसून सांगायचा, मी कातायचे. सुरुवातीला लोक बघायला यायचे. एकजण म्हणाला, "बाई, साडी अडकेल यंत्रात." मी म्हटलं, "तुमची लुंगी अडकली का कधी?" तो पुन्हा दुकानात आला नाही, पण कांड्यांचं काम पाठवत राहिला.

मग प्लास्टिकच्या कांड्या आल्या. मग बिनधोट्याची लूम आली. जुनी लूम भंगारात जायला लागली, आणि आमचा खराद बसून राहिला.

इक्बालसेठ आमचं जुनं गिऱ्हाईक. कोकणी मुसलमान, भिवंडीतच जन्मलेले. घरात मराठीच बोलतात, कामगारांशी हिंदी, आणि चिडले की दोन्ही. त्यांनीही लूम विकून टाकली आणि त्या शेडमध्ये बिलियर्डची टेबलं टाकली. लोक म्हणाले, शेठचं डोकं फिरलं. एक दिवस ते लांब काठी घेऊन आमच्या दुकानात आले.

"काशीमावशी, ही बघ. टोकाचं पितळ हललंय. कांडीला पितळाची कडी बसवतेस ना, तसंच समज."

मी बसवून दिलं. तिथून हा धंदा सुरू झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बिलियर्ड आणि स्नूकर हे मोठ्या हिरव्या टेबलावर खेळायचे खेळ. काठीने एक चेंडू ढकलायचा, त्याने दुसऱ्याला मारायचं, आणि कडेच्या खिशात पाडायचं. काठीला इंग्रजीत क्यू म्हणतात, भिवंडीत सगळे स्टिक म्हणतात. मी काठी म्हणते. चांगली जुनी काठी माणसाच्या हनुवटीपर्यंत येते. वरचा सडपातळ भाग ॲश नावाच्या फिक्या परदेशी लाकडाचा, खालची मूठ काळ्या आबनुसाची. ही दोन लाकडं एकमेकांत शिरलेली असतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तशी. म्हणून मुठीजवळ काळ्या लाकडाची चार टोकं फिक्या लाकडात वर गेलेली दिसतात. यंत्राने केलेल्या काठीची टोकं सुईसारखी, चारही एका उंचीची. हाताने केलेल्या काठीची टोकं गोलसर असतात, आणि त्यातलं एखादं जरा खाली राहिलेलं असतं.

हे मला इक्बालसेठनी शिकवलं. मला लाकूड कळत होतं, काठी कळत नव्हती. ते तरुणपणी मुंबईत चांगले खेळाडू होते, आणि पुढे त्यांना जुन्या काठ्या जमवायचा नाद लागला. मोठे बंगले आणि क्लब मोडले की सामान लिलावात जातं, आणि त्यातलं बरंचसं फिरत फिरत भिवंडीजवळच्या काल्हेरच्या गोडाऊनांत येऊन पडतं. शेठ तिथे जाऊन भंगारवाल्यांशी चहा पीत बसायचे. एकदा एका ढाब्यावर भट्टीत घालायला आणलेल्या जुन्या काठ्यांची मोळीच उचलून आणली.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका हॉटेलवाल्याला काठ्या भिंतीवर लावायच्या होत्या, मधोमध भोकं पाडून मागत होता. मी नाही म्हटलं. त्याने दुसरीकडे पाडून घेतली. जवळच्या वडपे गावच्या एका जमीनवाल्याने नवी गाडी घेतली आणि हौसेने जुनी अखंड काठीही घेतली. काठी गाडीत मावेना. त्याने घरीच करवतीने तिचे दोन तुकडे केले आणि माझ्याकडे आणले. "काकी, मधी स्क्रू टाक. खोलता-लावता आली पायजे." लाकूड तर कापून झालं होतं. मी जोड बसवून दिला. पुढे कधी भेटला तेव्हा विचारलं, "आता खेळायला कशी वाटते?" म्हणाला, "खेळतंय कोण? गाडीत असते."

सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं येऊन म्हणतात, नव्यासारखी करून द्या. त्यांना मी परत पाठवते. जुन्या काठीवर कागद मारायचा नसतो, म्हणजे पॉलिशपेपर घासायचा नसतो. ओल्या सुती चिंधीने मळ काढायचा, सुकू द्यायचं, जवसाच्या तेलाचा हात फिरवायचा, एवढंच. कारण जिथे हात वर्षानुवर्षं धरला जातो तिथे लाकूड काळपट, गुळगुळीत आणि किंचित बारीक होतं. जमवणारा माणूस तेच बघतो. तो डाग घासून टाकला की काठीत फक्त लाकूड उरतं.

मुठीच्या अगदी खाली एक बाजू चपटी केलेली असते. तिच्यावर पट्टी असते, काठी करणाऱ्याची किंवा मालकाच्या नावाची. चपटी बाजू शोभेची नाही. प्रत्येक वेळी काठी हातात एकाच अंगाने यावी म्हणून ती असते. क्लबात टेबलाजवळ एक नोकर उभा असतो, त्याला मार्कर म्हणतात. तो गुण मोजतो, मोठ्याने पुकारतो, आणि खेळणाऱ्याच्या हातात काठी देतो. देताना मूठ पुढे आणि चपटी बाजू वर. मेंबरला काठी फिरवावी लागली तर मार्कर कच्चा.

आता नामादादाची गोष्ट. बाकी सगळं मी त्यासाठीच सांगितलं.

नामादादा माझ्या माहेरच्या गल्लीतले, माझ्या थोरल्या भावाच्या वयाचे. मुंबईत एका मोठ्या क्लबात मार्कर होते. तिथेच मागे नोकरांच्या खोल्या होत्या, त्यात बायको आणि मुलगी घेऊन राहायचे. मग एका वर्षी अचानक बिऱ्हाड घेऊन गावी परत आले. सामानात ती काठी होती. गावात बातमी आधीच पोचली होती. क्लबातला एक मोठा साहेब वारला, त्याच्या घरचे त्याच्या काठ्या न्यायला आले, तर एक काठी नामादादाच्या खोलीत सापडली. पोलिसात नको म्हणाले. नोकराने वापरलेली काठी आम्हाला नको, ती त्यालाच राहू दे, पण हा माणूस इथे नको.

गावाने ठरवलं, चोरी केली. नामादादा एका शब्दाने बोलले नाहीत. आधीही ते कमीच बोलत, नंतर तर पोरं त्यांना मुकादादा म्हणायला लागली.

त्यांची बायको विठावैनी मात्र बोलायची. आल्या आल्याच तिने ती काठी दोन दोऱ्यांनी आढ्याला आडवी टांगली आणि तिची वलणी केली. वलणी म्हणजे घरात कपडे वाळत टाकायची दांडी. त्या दिवसापासून नामादादाच्या डोक्यावर, त्यांच्या खाटेच्या बरोबर वर, घरातले ओले कपडे टपकत असत. गाव म्हणायचं, बाय नवऱ्याला शिक्षा देते, चोरीचा माल रोज डोळ्यापुढं ठेवते. मीही तसंच समजत होते. त्या घरी कितीदा गेले असेन, पण वर कधी बघितलं नाही. तेव्हा मला काठ्यांतलं काही कळत नव्हतं.

अलीकडे एका हळदीला कोनला गेले होते. परत निघताना नामादादाकडे डोकावले. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात दोघंच. ते खाटेवर बसले होते, गुडघे गेलेले. मी सहज वर बघितलं. एका ओल्या परकराच्या खालून काळ्या लाकडाचं एक टोक बाहेर आलेलं दिसलं. गोलसर होतं. त्याच्या शेजारचं जरा खाली राहिलेलं होतं.

मी परकर बाजूला केला. पट्टीवरचं इंग्रजी मला वाचता येत नाही, पण अक्षरांचं वळण ओळखीचं वाटलं. तीच अक्षरं मी इक्बालसेठच्या दोन काठ्यांवर मळ काढून साफ केली होती. त्या काठ्या शेठनी काल्हेरच्या गोडाऊनमधून आणलेल्या.

शेठला सांगितलं, तर त्यांना धीर धरवेना. "मावशी, ते नाव त्या साहेबाचं, त्याच्या दोन काठ्या माझ्याकडे आहेत. तिसरी मला पाहिजे. चल."

"विकणार नाहीत," मी म्हटलं. "विकली तर गाव म्हणेल, बघा, चोरीचा माल शेवटी बाजारात आणलाच."

"नाही विकली तरी चालेल. मला बघू तरी दे."

शेठ आपल्या दोन्ही काठ्या घेऊन आले. आम्ही कोनला पोचलो तेव्हा विठावैनी बाजारात गेली होती. नामादादाला विचारलं, काठी खाली काढू का? त्यांनी मान हलवली. वलणीवरचे कपडे एकेक करून मी शेठच्या हातात दिले. त्यांना ते कुठे ठेवावेत कळेना. पांढऱ्या कुडत्यातला तो शेठ विठावैनीचे परकर छातीशी धरून उभा राहिला आणि तसाच काठी बघत राहिला.

काठी वाकली होती. इतक्या वर्षांचे ओले कपडे, मधोमध झोळ पडलेला. साबणाचे पांढरे डाग पडलेले. पण लाकूड मेलेलं नव्हतं. तीन काठ्या आम्ही भिंतीला उभ्या केल्या. शेठच्या दोन सारख्या उंचीच्या, लांब. म्हणजे तो साहेब ताडमाड असणार. तिसरी चांगली वीतभर आखूड.

"कापलीये," शेठ म्हणाले.

मी मूठ उजेडात धरली. खालून कापली होती, आणि चांगल्या कारागिराने कापली होती. कापल्यावर चपटी बाजू नव्याने केली होती. नावाची पट्टी तिथून उचलून जरा वर पुन्हा बसवली होती, जुन्या खाचेचा तुकडा आबनुसाने भरला होता. हे काम कुणी चोरून करत नाही. चोरी केली असती तर आधी ती पट्टी काढून फेकली असती.

आणि दुसरी गोष्ट. कापलेल्या नव्या टोकापासून मोजून, जिथे ठेंगण्या माणसाचा हात येईल तिथे, लाकूड काळपट, गुळगुळीत झालं होतं. साबणाच्या डागाच्या खाली. तसा डाग पडायला वर्षं लागतात. गावी आल्यापासून ही काठी आढ्याला होती, तिच्यावर हात कुणाचा पडला? म्हणजे डाग क्लबातला. म्हणजे काठी नामादादाच्या उंचीची करून झाल्यावर ते कित्येक वर्षं तिच्याने खेळत होते, तिथेच, सगळ्यांसमोर, साहेब जिवंत असताना. साहेबानेच ती कापून घेऊन त्यांना दिली होती.

शेठ म्हणाले, "नामदेवभाऊ, उभे राहा जरा." नामादादा भिंतीचा आधार घेऊन उभे राहिले. शेठनी काठी त्यांच्याशेजारी धरली. टोक बरोबर हनुवटीला आलं.

नामादादा पुन्हा खाली बसले.

तेवढ्यात विठावैनी आली. दारातच थांबली. परपुरुषाच्या हातात आपले परकर, खाटेवर काठी.

"काशे, काय चाललंय ह्ये?"

शेठनी कपडे घाईने माझ्याकडे दिले. मग मी तिला सगळं दाखवलं. कापलेलं टोक, पट्टी, हाताचा डाग. मला वाटत होतं, आता ही बाई रडेल, नाहीतर नवऱ्याच्या पायाशी बसेल. शेठही मोठ्या आशेने बघत होते.

विठावैनीने हातातली पिशवी खाली ठेवली.

"ह्ये तू मना सांगतंस? तो चोरी करंल?" तिने खाटेकडे बोट दाखवलं. "चोरी कराला काळीज लागतं. या माणसाला अंगणात आलेली शेजारची कोंबडी हाकलवत न्हाय."

"मग वैनी, ही काठी इतकी वर्षं अशी..."

"अगं, सायबाच्या घरचे सगळे तिथं उभे व्हते. त्यांनी विचारलं, ही तुझ्याकडं कशी आली? यानं एक शबूद बोलाचा व्हता. सायबानी दिली. संपलं. बोलला न्हाय. खोली गेली, पोरीची शाळा गेली, भाजी घेऊन बसाची माझी बाजारातली जागा गेली. का गेलं सगळं? याचं तोंड उघडलं न्हाय म्हणून. आणि घरी काय घेऊन आला? काठी. मग मी म्हटलं, आली हाय तं काम करूं दे तिला."

 शेठ बाहेर रस्त्याकडे बघायला लागले. माझं तोंड काही मला गप्प ठेवता येत नाही. मी विचारलं, "नामादादा, का नाही बोललात?"

त्यांनी खाटेवरची काठी जरा बाजूला सरकवली. मग हळू आवाजात म्हणाले, "सायबाची बाय रडत व्हती. ती सगळ्यांसमोर म्हणली, यांनी आपली काठी कधीच कुणाला दिली नसती. मी 'दिली' म्हटलं असतं तं ती खोटी पडली असती. टेबलावर मार्कर सांगंल तो गुण, मेंबरनी आयकाचा. टेबलाच्या बाहेर मेंबर सांगंल ते, मार्करनी आयकाचा. तशीच रीत व्हती. मेलेल्या सायबाच्या बायकोला मी खोटी पाडूं?"

"आणि जित्या मार्करच्या बायकोचं काय?" विठावैनी म्हणाली.

  मी काठी पुन्हा दोऱ्यांत अडकवली, विठावैनीने कपडे त्याच्यावर टाकले, आणि आम्ही निघालो. रिक्षात शेठ म्हणाले, "मावशी, आपण उगाच गेलो."  मोठा पुरावा घेऊन गेलो होतो, आणि ज्या बाईला तो द्यायचा होता तिला त्याची कधी गरजच नव्हती.

पुढच्या आठवड्यात दुकानापुढे रिक्षा थांबली. आधी जुन्या साडीत गुंडाळलेली काठी बाहेर आली, मागून विठावैनी.

"सरळ कर," ती म्हणाली.

"विकायची आहे?"

"विकाची न्हाय. तुझ्या शेटला सांग, आशा सोड."

"मग?"

"कपड्यांना नायलॉनची दोरी आणली." ती बाकावर बसली. माझ्या हातचा चहा घेतला. जाताना म्हणाली, "का न्हाय बोलला त्ये आज इतक्या वर्षांनी सांगितलं त्यानं. कारण चुकीचं हाय, काशे. साफ चुकीचं हाय. पण सांगितलं."

वाकलेली काठी सरळ करायला काही लोक विस्तवावर धरतात. लाकूड लगेच ऐकतं आणि महिन्याभरात पुन्हा वाकतं, वर आतून चिरतं ते वेगळंच. माझी रीत धोट्यांच्या लाकडावरून आलेली आहे. लूमचा एक जुना लोखंडी दांडा आहे माझ्याकडे, ताणलेल्या दोरीसारखा सरळ. काठी त्याला सुती पट्ट्यांनी बांधायची, काठीची फुगीर बाजू दांड्याकडे, आणि मधे लाकडाची पातळ पाचर सारायची. हवा बदलली की लाकूड थोडं सैल होतं, तेव्हा पाचर किंचित पुढे. घाई केली की गेली. पूर्ण पावसाळा आणि पुढची थंडी ती काठी माझ्या दुकानात उभी होती. इक्बालसेठ येता जाता तिच्याकडे बघायचे. एकदा म्हणाले, "मावशी, तिसरी काठी दुसऱ्याच्या घरी राहणार, हे मला झोपू देत नाही." मी म्हटलं, मग जागे राहा.

बराचसा बाक गेला. सगळा गेला नाही. विठावैनी बघायला आली तेव्हा मी तिला डोळ्याच्या रेषेत धरून दाखवलं. "एवढा राहील. यापेक्षा ओढलं तर मोडेल."

तिने एक डोळा मिटून बघितलं. "ऱ्हाऊं दे," म्हणाली. "आपुन तरी कुठं सरळ ऱ्हायलो?"

शेठनीच सांगितलं, नामादादांना एकदा शेडमध्ये आण. शुक्रवारी दुपारी या म्हणाले. शेजारच्या शेडमधली लूम शुक्रवारी बंद असतात. एरवी त्यांच्या हादऱ्याने टेबलावरचा चेंडू बारीक थरथरतो, आणि नामादादाला तसलं टेबल दाखवायला शेठना लाज वाटत होती.

नामादादा धुतलेला शर्ट घालून आले. विठावैनी मागोमाग आली आणि दाराशीच थांबली. मुंबईत त्या क्लबाच्या मागच्या खोलीत तिने संसार केला, पण पुढच्या दालनात तिला कधी पाऊल टाकता आलं नव्हतं. नवरा दिवसभर नेमकं काय करतो हे तिने बघितलेलं नव्हतं. हिरव्या टेबलाकडे ती बघत राहिली. "हाच का त्यो?" तिने मला विचारलं. "मना वाटलं, याच्यापेक्षा मोठा आसंल."

नामादादांनी काठी घेतली. हातात एकदा फिरवली, आणि राहिलेला बाक वर-खाली येईल अशी धरली, म्हणजे चेंडू डावी-उजवीकडे जाणार नाही. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. गुडघ्यांमुळे वाकता येईना. टेबलाच्या कडेला पोट टेकवून त्यांनी कसाबसा नेम धरला. पांढरा चेंडू गेला, लाल चेंडूला लागला, लाल हळूहळू खिशाच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

 नामादादा बाजूला झाले, काठी उभी धरून टेबलाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. शेठनी आपली काठी घेतली आणि तोच लाल चेंडू खिशात पाडला. सोपा होता, कुणीही पाडला असता.

"थ्री!" नामादादा पुकारले. "स्ट्रायकर, थ्री!"

स्ट्रायकर म्हणजे खेळणारा, आणि बिलियर्डमध्ये लाल चेंडू पाडला की तीन गुण असतात. पण मी चमकले ती आवाजाने. भरदार, खणखणीत, पत्र्याला लागून परत आला. एवढी मोठी शेड त्या आवाजाने भरली. कोनमध्ये जन्मापासून त्यांना ओळखणारी मी, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शेठ आपोआप ताठ उभे राहिले, मेंबर उभे राहत असतील तसे.

विठावैनी दारातून आत आली. टेबलाला वळसा घालून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"येवढा आवाज हाय तुमच्याकडं?" ती म्हणाली. "येवढा आवाज व्हता, आणि तवा काढला न्हाय?"

नामादादांनी तिच्याकडे बघितलं. मग हातातली काठी आडवी केली. मूठ पुढे, चपटी बाजू वर. तिच्यापुढे धरली आणि थांबले.

तिला ती कशी धरायची ठाऊक नव्हतं. तिने दोन्ही हात पुढे केले आणि काठी खालून आडवी घेतली, रोज दोऱ्यांत अडकवायची तशीच. आणि तशीच धरून उभी राहिली.